डेन्झिलचं अठरावं शतक

डेन्झिल ग्रिंडस्टाफला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अठरावं शतक झालं. त्या वयात कोणाला मूळव्याध होते, कोणाला शेजारीण आवडायला लागते, कोणी एकदम देवाचं करायला लागतो. डेन्झिलला अठरावं शतक झालं, आणि ते चांगलं अंगात मुरलं.

तोवर तो चारचौघांसारखा होता. टेनेसीच्या पूर्व डोंगरातल्या हिकरी फोर्क नावाच्या खोऱ्यात जन्मला, तिथेच वाढला, तिथल्याच ओलेटाशी लग्न केलं, आणि गाडीच्या परवान्याच्या कचेरीत खिडकीमागे बसून लोकांचे डोळे तपासायला लागला. "डावा डोळा झाका. तिसरी ओळ वाचा. पुढचा." एवढंच बोलून त्याने वीस वर्षं पगार घेतला.

मग एका ऑक्टोबरात कोणीतरी त्याला अर्डिथ बकल्सच्या कुरणात बैलाच्या नेमबाजीला नेलं. खोऱ्यात ही नेमबाजी कोणाच्याही आठवणीच्या आधीपासून चालत आली आहे. एक बैल कापायचा, वाटे करायचे, आणि ज्याचा नेम चांगला त्याने आपल्या पसंतीचा वाटा आधी उचलायचा. बंदुका मात्र जुन्या घडणीच्या, लांब नळीच्या, तोंडातून ठासायच्या. लाकडाच्या ओंडक्यावर नळी टेकवून पोटावर पडायचं आणि साठ पावलांवरच्या फळीवर कोरलेल्या फुलीवर बार काढायचा. डेन्झिलने पाहिलं, बंदुकीचा घोडा पडला, चकमकीची ठिणगी उडाली, वाटीतलं रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, फुस्स करून पेटलं, आणि पापणी लवते न लवते तोच नळीतून धडाम झालं. पांढरा धूर त्याच्या अंगावरून गेला. तो धुरातून बाहेर आला तो निराळाच माणूस होऊन.

त्या दिवसापासून त्याच्यासाठी जगात दोनच प्रकारच्या वस्तू उरल्या. सतराशे ऐंशीच्या आधीच्या आणि नंतरच्या. पँटची चेन गेली, नायलॉन गेलं, कॉफी गेली. रानातल्या सासाफ्रास झाडाच्या मुळ्या उकळून तो काढा पिऊ लागला आणि पिताना तोंड वाकडं होऊ नये म्हणून भिंतीकडे बघू लागला. गादीत मक्याची सालपटं भरायची त्याची फार इच्छा होती. ओलेटा म्हणाली, "भर की. आणि ओसरीवर झोप." तो दोन रात्री ओसरीवर झोपला, तिसऱ्या दिवशी मान धरून कचेरीत गेला.

ओलेटा शाळेच्या भटारखान्यात चारशे पोरांचं जेवण रांधायची. तिला एक दिवस स्वतःच्या मिक्सरमध्ये राखाडी गुलाबी रंगाचं काहीतरी सापडलं.

"डेन्झिल, हे काय आहे?"

"हरणाचा मेंदू. कातडं कमवायला लागतो. जुने लोक असंच करायचे."

"मिक्सरमध्ये?"

ओलेटाने मिक्सर अंगणात ठेवला आणि नवा आणला.

कातड्याची विजार झाली, झालरीचा सदरा झाला, पायात मऊ चामड्याचे जोडे झाले. राहिली बंदूक. ती दुकानातली नको होती. मापाने घडवलेली, हातघडणीची, आपल्या एकट्याची हवी होती. तशी बंदूक खोऱ्यात एकच माणूस करायचा. हर्शेल टिप्टन.

हर्शेल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. गोठ्यामागच्या खोपटात तो मेपलच्या ओंडक्यातून बंदुकीचा दांडा कोरत बसायचा. नाकावर जाड काचांचा, तपकिरी प्लॅस्टिकच्या काड्यांचा चष्मा, आणि तो घसरू नये म्हणून डोक्यामागे बुटाची नाडी बांधलेली. डेन्झिल त्याच्याकडे गेला तो चाळीस पानांचं टिपण घेऊन. दस्त्याचा बाक कसा असावा, पितळ कुठे असावं, कुठे नसावं.

हर्शेलने पानं चाळली आणि बाजूला ठेवली. "हात पुढे कर," म्हणाला. हाताचं माप घेतलं. गालापासून खांद्यापर्यंतचं घेतलं. मग विचारलं, "नेम कुठल्या डोळ्याने धरतोस?"

"उजव्या."

"चांगला आहे?"

"घारीसारखा आहे, हर्शेलकाका. आमच्या घराण्यातच आहे ते. माझा खापरपणजा हा डोंगर ओलांडून आला तो खांद्यावर असलीच बंदूक घेऊन."

"ठाऊक आहे मला तुझा खापरपणजा," हर्शेल म्हणाला. "डुकरं चोरायचा."

आता ही घारीची गोष्ट. डेन्झिलला नवव्या वर्षी चष्मा लागला होता. शाळेत त्याला सगळे 'बरणी' म्हणायचे, कारण त्याच्या काचा लोणच्याच्या बरणीच्या बुडासारख्या होत्या. बाविसाव्या वर्षी पहिला पगार हातात पडला तसा त्याने चष्मा नदीत फेकला आणि डोळ्यात घालायची भिंगं घेतली. ही गोष्ट ओलेटाला ठाऊक होती आणि भिंगं देणाऱ्या शहरातल्या डॉक्टरला. तिसऱ्या कोणाला नाही. 'घारीसारखा' म्हणताना त्याच्या दोन्ही बुबुळांवर ती बसलेलीच होती.

तीन वर्षांनी बंदूक तयार झाली. चाळीस पानांचं टिपण पहिल्याच हिवाळ्यात हर्शेलच्या शेगडीत गेलं होतं, पण बंदूक अशी झाली होती की डेन्झिलला टिपणाची आठवणसुद्धा राहिली नाही. हनुवटीपर्यंत उंच, नळी सडपातळ, मेपलच्या लाकडात वाघाच्या पाठीसारखे पट्टे. खांद्याला लावली की नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आपोआप डोळ्यासमोर यायची. डेन्झिल रडला. त्याचं त्याला श्रेय द्यायला हवं, तो खरोखर रडला.

आणि मग त्याने ती चालवायला सुरुवात केली.

नेम लागेना. फळीला लागायचं, पण फुलीच्या आसपास नाही. एक गोळी वरच्या कोपऱ्यात, एक खाली, एक शेजारच्याच्या फळीत. डेन्झिलकडे दर गोळीला कारण तयार असायचं. हवा दमट आहे. चकमक बोथट आहे. गोळीभोवती गुंडाळायची चिंधी जाड आली. दारू सुजली. पुढे पुढे ही कारणं हर्शेलच्या दारापर्यंत पोचली. "घोडा जरा सुस्त पडतो," तो चारचौघांत म्हणू लागला. "काकांचं वय झालं. नळी पण सरळ असेलच असं नाही." खोरं लहान आहे. बोललेलं हर्शेलच्या कानावर दुसऱ्या दिवशी पोचायचं. हर्शेल आपला दांडा कोरत राहायचा.

ज्याला फळीवर काही जमत नाही तो नेमबाजीच्या समितीवर जातो. डेन्झिल गेला. समितीत तिघं होते आणि त्यातल्या दोघांना घरी जायची घाई असायची. त्याने अकरा पानांची नियमावली लिहिली. मनगटी घड्याळ नको, रबरी तळव्याचे जोडे नकोत, घडीची खुर्ची नको, थर्मास नको, यंत्राची शिवण नको. कलम चौदा असं होतं, की नेमबाजाने आधुनिक चष्मा लावता कामा नये. मतदान झालं तेव्हा उकडलेला घेवडा आणि डुकराचं मांस पानात वाढून झालं होतं आणि निवत होतं. सगळ्यांनी डाव्या हाताने मत दिलं, उजव्या हातात चमचा होता. हर्शेल त्या दिवशी मुलीकडे गेला होता.

पुढच्या ऑक्टोबरात डेन्झिल कुरणाच्या फाटकात उभा राहिला. एका हातात नियमावली, दुसऱ्या हातात बंदूक, डोक्यावर रॅकूनच्या कातड्याची टोपी. गुरांच्या डॉक्टरला त्याने प्लॅस्टिकच्या बटणांवरून परत पाठवलं. डॉक्टर गाडीत जाऊन बटणं तोडून आला आणि पोट दोरीने बांधून आत गेला. मग जिचं कुरण, जिचा बैल, ती एक्क्याऐंशी वर्षांची अर्डिथ आली.

"अर्डिथमावशी, कानातलं यंत्र काढावं लागेल."

"काय?"

"कानातलं यंत्र! ते नंतरचं आहे!"

"अरे, जेवणानंतर कशाला, आत्ताच बोल की."

"काढा ते!"

अर्डिथने यंत्र काढून खिशात घातलं. "आता तू बोल, कितीही बोल," असं म्हणून ती पुढे गेली. फाटकावरची माणसं हसली. डेन्झिलला वाटलं, शिस्त लागतेय.

नंतर हर्शेल आला. खांद्याला स्वतःची बंदूक, नाकावर तोच चष्मा, मागे नाडी.

डेन्झिलने घसा साफ केला. "काका, कलम चौदा."

"काय आहे त्यात?"

"चष्मा. तारेचा गोल असता तर विचार केला असता. हा प्लॅस्टिकचा आहे. माझा नाइलाज आहे, नियम सगळ्यांना सारखे."

"चष्म्याशिवाय मला तू दिसत नाहीस, डेन्झिल."

"नियम आहे, काका."

हर्शेलने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या बंदुकीकडे पाहिलं. तिचा घोडा, चाप, ठिणगी नळीत नेणारं कानाचं भोक, सगळं त्याने त्याच चष्म्यातून घडवलेलं होतं. "बरं," म्हणाला. स्वतःची बंदूक गाडीत ठेवून आला आणि कॉफीच्या चुलीजवळ एका ओंडक्यावर बसला. बावन्न वर्षांत तो ही नेमबाजी पहिल्यांदा नुसती बघणार होता.

ओलेटा तिथेच कणसं भाजत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "डेन्झिल, लाज वाटते का रे तुला?"

"कशाची?"

"तुझ्या तोंडून मी हे ऐकते आहे, तुझ्या! सांगू का सगळ्यांना?"

"ओलेटा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "कलमात चष्मा म्हटलंय. भिंग म्हटलेलं नाही."

तर असा हा मनुष्य पोटावर पडला. प्रत्येकाला तीन बार होते. शेवटी फळीतल्या भोकांपासून फुलीपर्यंत दोरी धरून मोजायची आणि तिन्ही अंतरं मिळून ज्याची दोरी सगळ्यांत आखूड तो पहिला.

नशीब कसं असतं पाहा. पहिली गोळी फुलीपासून दोन बोटांवर बसली. डेन्झिललाच खरं वाटेना. दुसरी तीन बोटांवर. लोक गोळा झाले. डेन्झिल उठून उभा राहिला, बंदूक पुन्हा ठासताना त्याने दोन शब्द बोलायची संधी सोडली नाही. "मुळाशी गेलं की हे असं होतं," म्हणाला. "यंत्रांनी माणसाची नजर मारली. त्या काळी लोकांना डोळे होते."

"त्या काळी दात नव्हते," गुरांचा डॉक्टर पोट धरत म्हणाला.

डेन्झिल पुन्हा आडवा झाला. दारू नळीत होती, गोळी गजाने ठासून बसवलेली होती, वाटीत रंजक घातलं होतं, आणि बोलण्याच्या भरात जरा जास्तच घातलं होतं. वारा उजवीकडून सुटला. त्याने चाप ओढला. रंजक भसकन पेटलं, नळीतला बार मात्र उडालाच नाही. कानाच्या भोकात काजळी बसली होती. फुसका बार. पण वाटीतली जळकी कणी वाऱ्याने उलटी आली ती नेमकी त्याच्या उजव्या डोळ्यात.

"आई गं! गेला! डोळा गेला!"

तो उठला. एका हाताने डोळा चोळत होता आणि दुसऱ्या हातातली भरलेली बंदूक माणसांवरून फिरत होती. माणसं पटापट जमिनीवर झोपली. उभा राहिला एकटा हर्शेल. चष्मा अजून नाकावर होता, तो बघ्याचा असल्यामुळे कोणी काढायला लावला नव्हता. म्हातारा तीन ढांगांत पोचला, नळी धरली आणि डोंगराकडे वळवली.

"सोड. आधी बंदूक, मग डोळा. सोड म्हणतो ना!"

डेन्झिलने सोडली. हर्शेलने बंदूक ओंडक्यावर टेकवून एका माणसाला धरून बसायला सांगितलं, पाण्याचा लोटा मागवला, डेन्झिलला खाली बसवलं आणि पापणी उघडून पाणी ओतलं. एकदा, दोनदा, तीनदा. "भाजलं नाहीये. लाल झालाय फक्त. डोळा शाबूत आहे."

अर्डिथने एव्हाना कानातलं यंत्र पुन्हा बसवलं होतं. ती वाकून डेन्झिलच्या दाढीकडे बघत होती.

"हे काय लागलंय याच्या दाढीला? माशाचा खवला?"

दाढीच्या केसात काहीतरी ओलसर, गोल, नखाएवढं चमकत होतं. सगळे वाकले. डेन्झिल एका डोळ्याने ओलेटाकडे बघत होता. तशी विनवणी त्याने लग्नाच्या वेळीसुद्धा केली नसेल.

ओलेटाने हातातलं कणीस खाली ठेवलं. "खवला नाही, मावशी," ती म्हणाली. "घारीचा डोळा आहे तो."

आधी कोणाला कळलं नाही. मग डॉक्टरला कळलं, आणि त्याच्या पोटाची दोरी सुटली. कुरणभर हशा उठला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली. अर्डिथ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून हसली. हर्शेल तेवढा हसला नाही. त्याने भिंग बोटाच्या टोकावर घेतलं, उन्हात धरून पाहिलं. कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तसं.

"किती वर्षं घालतोस?"

"सत्तावीस," डेन्झिल पुटपुटला.

"छान बनवलंय," हर्शेल म्हणाला आणि ते त्याच्या तळहातावर ठेवलं.

आता भरलेली बंदूक तशी ठेवता येत नाही. हर्शेल तिच्याकडे गेला. तारेने कानाचं भोक साफ केलं, चिमूटभर रंजक घातलं, ओंडक्यामागे आडवा झाला. दस्ता गालाला लावला. घोडा पडला आणि धडाम. दोन आवाज झालेच नाहीत, एकच झाला, इतका तो झटपट होता. डेन्झिलच्या फळीवर फुलीच्या ऐन मध्यावर भोक पडलं होतं.

मग अर्डिथ म्हणाली, "आज पहिल्यांदा या बंदुकीला दिसलं."

एखादा इथे गप्प बसला असता. घरी जाऊन दार लावून बसला असता. डेन्झिलने डोळ्यावरचा ओला रुमाल बाजूला केला आणि विचारलं, "ही गोळी माझ्या दोरीत धरायची ना?"

"काय?"

"फळी माझी. बंदूक माझी. दारू माझी. मीच ठासलेली. काकांनी फक्त चाप ओढला."

हे इतकं मनापासून होतं की क्षणभर लोक विचारात पडले. अर्डिथने हात पुढे केला. "ती तुझी अकरा पानं दे इकडे."

त्याने दिली. तिने ती न वाचताच कॉफीच्या चुलीत घातली. "माझं कुरण आहे. ज्याला दिसत नाही त्याने चष्मा लावायचा, ज्याला ऐकू येत नाही त्याने यंत्र घालायचं, आणि तू, डेन्झिल, घरी जायचंस. हर्शेल, तुझी बंदूक आण. तुझे तीन बार बाकी आहेत."

"गाडीत बसते मी," ओलेटा नवऱ्याला म्हणाली. "गाडी शहाण्णव सालची आहे. चालेल ना तुला?"

हर्शेलला त्या दिवशी दुसरा वाटा मिळाला. पहिला गुरांच्या डॉक्टरने नेला, एका हाताने पोट सांभाळत.

डेन्झिल महिनाभर कचेरीत उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून बसला. "डावा डोळा झाका," म्हणायचा, आणि समोरचा विचारायचा, "माझा की तुझा?" खोऱ्यातल्या ज्यांचे परवाने दोन वर्षं टिकणार होते तेही त्या महिन्यात येऊन नवे करून गेले.

पट्टी सुटल्यावर तो हर्शेलकडे गेला. माफी मागायला निघाला होता, निदान ओलेटाने तरी त्याच बोलीवर पाठवलं होतं. खोपटात शिरला आणि म्हणाला, "काका, मी बराच अभ्यास केला. त्या काळातही डोंगरात चष्मे होते. एका सुताराच्या सामानाच्या यादीत आहे. म्हणजे कलम चौदा मुळातच चुकीचं होतं."

हर्शेल कानशीने पितळ घासत होता. तो थांबला नाही. "झालं?"

"झालं."

"आता मी सांगतो. तुझी गोळी भलतीकडे जाते ती तुझ्या डोळ्यांमुळे जात नाही. भिंग असो नसो. घोडा सुटला की तू डोळे गच्च मिटतोस आणि मान उडवतोस. पहिल्या दिवसापासून. मी पाहिलंय."

"मग सांगितलं का नाही?"

"तू नळी वाकडी आहे म्हणून सांगत फिरत होतास. मी म्हटलं, बघू या किती वाकडी होते."

डेन्झिलचा चेहरा उतरला. त्याने डोक्यावरची रॅकूनची टोपी काढून हातात घेतली. शेवटी म्हणाला, "चुकलंच माझं, काका." हळू म्हणाला, पण म्हणाला.

हर्शेलने लाकडाचा एक चपटा तुकडा काढून दिला. "चकमकीच्या जागी हा बसव. दारू नको, गोळी नको. रोज शंभर वेळा चाप ओढ. डोळा उघडा राहिला पाहिजे. आणि एक चष्मा करून लाव, कणी डोळ्यात जाणार नाही."

सगळा हिवाळा डेन्झिल ओसरीवर पोटावर पडून चाप ओढत होता. नाकावर नवा चष्मा होता, जाड, लोणच्याच्या बरणीसारखा. ओलेटा दारात उभी राहून मोजायची. "मिटलास. परत. मिटलास. परत. हं, हा चालेल." फेब्रुवारीपर्यंत शंभरात वीस वेळा मिटायचा, एप्रिलमध्ये चार वेळा.

पुढच्या ऑक्टोबरात एकोणीस जण होते. डेन्झिल पाचवा आला. पाचव्याच्या वाट्याला मांस येत नाही, बैलाचं कातडं आणि चरबी येते. तीस किलो ओलं कातडं आणि घमेलंभर चरबी त्याने गाडीच्या मागच्या सीटवर टाकली. काचा खाली करूनसुद्धा वास जाईना. ओलेटा खिडकीबाहेर तोंड काढून बसली होती.

"हे घरात यायचं नाही," ती म्हणाली.

"नाही आणत," डेन्झिल म्हणाला. मग थोडं पुढे गेल्यावर चष्मा वर सारत म्हणाला, "तो डॉक्टर चौथा आला ना, त्याच्या सदऱ्याची शिवण पाहिलीस? यंत्राची होती."

"गाडी थांबव," ओलेटा म्हणाली.

"का?"

"मी चालत येते."

तिला घरी यायला पाऊण तास लागला. ती पोचली तेव्हा डेन्झिल अंगणात कातडं पसरून त्यावर मीठ चोळत होता, कोपरापर्यंत रक्ताने माखलेला आणि इतका खूश, की तिने आतून मिठाची दुसरी पिशवी आणून दिली.